सहाशे वॅट आणि किसनमामा

८ ऑक्टोबर २०२३, रविवार, सकाळी साडेअकरा. मुरुमच्या बाजारपेठेतल्या एका टीव्ही-फ्रिजच्या दुकानात मी एकवीस हजार चारशे नव्वद रुपये मोजले आणि एक साउंडबार, एक वूफर आणि मागं ठेवायचे दोन छोटे स्पीकर असा संच घेतला. हजर चौघं होतो: मी, माझी पत्नी सुनंदा, दुकानदार आणि किसनमामा सोनकांबळे. पैसे देण्याच्या पाच मिनिटं आधी मी दुकानात एक वाक्य बोललो. ते पुढं त्याच्या जागी येईल. रक्कम लिहायची आणि वाक्य गाळायचं हे बरोबर नाही.

किसनमामांचा मुरुममध्ये लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. चाळीस वर्षं त्यांनी तो केला. लग्नं, जत्रा, उरूस, चौदा एप्रिलची जयंती, निवडणुकीच्या सभा, सगळीकडं त्यांचेच कर्णे बांधलेले असायचे. उंच, सडपातळ माणूस. पांढरा शर्ट, त्याच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर आणि काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं.

माइक लावल्यावर सगळे जण ‘हॅलो हॅलो’ म्हणतात. मामा कधी म्हणाले नाहीत. “हॅलो बहिऱ्यालाबी कळतं,” असं त्यांचं म्हणणं. ते मांडवभर नजर फिरवायचे आणि सगळ्यात लांब बसलेली सगळ्यात म्हातारी बाई हेरायचे. मग माइकवर सावकाश म्हणायचे, “शेंगा, साखर, चहा, शेवया, चिंच.” एवढं झालं की माइक ठेवून मांडवातनं चालत तिच्यापर्यंत जायचे.

“मावशे, काय काय आणायला सांगितलं?”

“साखर, चहा... आन कायतरी आंबट म्हणलास बग.”

“चिंच का चिंचोका?”

“ते न्हाय कळलं बाबा.”

मग मामा परत येऊन कर्ण्याचं तोंड वळवायचे, बटणं फिरवायचे आणि पुन्हा यादी म्हणायचे. म्हातारीनं पाचही जिनसा बिनचूक सांगितल्या की त्या बटणावर काळी चिकटपट्टी. त्यानंतर आवाज कुणी वाढवायचा नाही.

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात, आमच्या सास्तूरमध्ये, मी हे पाहिलं आहे. वराच्या मामानं चार कर्ण्यांचे पैसे दिले होते आणि आवाज वाढत नव्हता म्हणून ते तापले होते.

“अहो, चार कर्णे सांगितलेत ना? मग वाजू द्या की दणक्यात. पैसे आमचे आहेत.”

किसनमामा अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर बसले होते. उठले नाहीत. “पैसं तुमचं हायत पाव्हणं, पर कान समद्यांचे हायत.”

पुढं डीजे आले. जयंतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे डबे लागले. गल्लीतली पोरं त्यांना म्हणाली, “मामा, छाती धडकली पायजे.” मामा म्हणाले, “छाती धडकायची तर पाण्याच्या टाकीपतूर पळत जा की. फुकट हाय.” त्यानंतर जयंतीला ते फक्त भाषणाच्या स्टेजला कर्णे द्यायचे, तेही वर्गणी म्हणून. बाकीचा धंदा हळूहळू बसला. ते घरीच टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करू लागले आणि लोक नवी वस्तू घेण्याआधी त्यांना विचारायला येऊ लागले.

मलाही लोहाऱ्याच्या आमच्या संस्थेतल्या एका सहकाऱ्यानं तेच सांगितलं. मी तिथं हिशेबनीस आहे. अडचण अशी होती की माझ्या आईला टीव्हीवरचं बोलणं कळत नव्हतं. तिचं वय बहात्तर. आवाज साठावर ठेवला तरी ती विचारायची, “काय म्हणली ती?” शेजारचे भिंतीवर थापा मारायचे. म्हणून साउंडबार घ्यायचं ठरलं. मी पंधरा दिवस फोनवर माहिती वाचली आणि वहीत तक्ता आखला: किंमत, वॅट, चॅनल, वॉरंटी. शेवटच्या रकान्यात एका वॅटमागं किती रुपये पडतात ते काढलं होतं. सांगायला हरकत नाही, त्या रकान्याचा मला अभिमान होता.

शुक्रवारी, सहा तारखेला, मामा त्यांच्या मोपेडवरून सास्तूरला आले. आमचं घर त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेलं, पुढं मी हॉल वाढवलेला. मामांनी हॉलच्या चारही कोपऱ्यांत उभं राहून टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकलं. “समूरच्या भिंतीवर वाकळ टांगा,” म्हणाले, “आवाज लई उड्या मारतोय.” मग आईच्या पलंगाजवळ खाली बसले.

“आक्का, म्या आत जाऊन काय आणायचं सांगतो. तुमी मला सांगा.”

स्वयंपाकघरातून त्यांनी नेहमीची यादी म्हटली. आईनं सांगितलं, “चा कळला. बाकीचं नुस्तं ‘आ आ’ ऐकू आलं.”

मामा बाहेर येऊन मला म्हणाले, “सर, ह्येंना आवाज कमी पडत न्हाय. ढोल वाजला तर तुमच्याआदी ह्येंना ऐकू येईल. अक्षरं येईनात. स, श, च. बोलणं वर आणायचं, बाकीचं खाली दाबायचं. एवढंच काम हाय.”

मी टेपनं भिंत मोजत होतो. हॉल अठरा फूट चार इंच भरला. मागं आईचं आणि त्यांचं बोलणं चाललं होतं.

“तुमचा आवाज म्या कुटंतरी ऐकलाय,” आई म्हणाली.

“लग्नात ऐकला आसंल, आक्का.”

“न्हाय. भूकंपात. ढिगाऱ्यांपाशी कर्ण्यावर नावं पुकारायचे तुमीच का? ‘भागीरथी शाळंच्या पटांगणात हाय, कुणी आसंल तर या’ आसं पुकारलं व्हतं. तवा ह्यो सोलापूरवरनं आला आन मला गावला.”

‘ह्यो’ म्हणजे मी. एकोणीस वर्षांचा, सोलापूरला वसतिगृहात राहणारा. भूकंप झाला तेव्हा मी गावात नव्हतो. आई पाच तास मातीखाली होती. वडील आणि माझी धाकटी बहीण मंगल गेली. मी दुपारी पोचलो तेव्हा गावाच्या जागी ढीग होते, गल्ली ओळखू येत नव्हती आणि आईचं नाव मी कर्ण्यावरच ऐकलं होतं. ते पुकारणारा कोण, हे तीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

मामा म्हणाले, “तवा लई नावं घेतली, आक्का. समदी ध्यानात न्हाईत.” मग म्हणाले, “लई बारीक आवाजात पुकारायचो तवा. जरा दणका झाला की लोकं उठून पळायची.”

हे सगळं मी शुक्रवारी ऐकलं. तरी रविवारी जे बोललो ते बोललो. मधे दोनच दिवस गेले होते.

रविवारी आम्ही जीप करून मुरुमला गेलो. पितृपाटाचे दिवस होते. सुनंदा म्हणाली, “पितरपाटात कुणी वस्तू घेतं का?” मी म्हणालो, गिऱ्हाईक नसतं, भाव उतरतो. भाव खरंच उतरला होता. सहाशे वॅटचा पूर्ण संच एकवीस हजार चारशे नव्वदला मिळत होता, म्हणजे एका वॅटमागं पस्तीस रुपये ब्याऐंशी पैसे.

मामा आमच्याआधी येऊन बसले होते. त्यांनी दुकानातले पाच साउंडबार लावून पाहिले, प्रत्येकावर बातम्याच. गाणं एकदाही लावू दिलं नाही. शेवटी एका बुटक्या, एकट्या बारवर बोट ठेवलं. ऐंशी वॅट, वूफर नाही, किंमत सात हजार नऊशे नव्वद. “ह्यो घ्या. ह्याच्यात बोलणं वर काढायचं बटण हाय.”

मी वही उघडली. “मामा, याला एका वॅटमागं जवळजवळ शंभर रुपये पडतात. त्याला छत्तीस.”

त्यांनी वही हातात घेतली, चष्मा पुसला आणि पूर्ण पान वाचलं. “हिशेब बराबर हाय. पर आक्का वॅट ऐकणार हायत का बोलणं?”

“मोठा असला तरी आवाज कमी करता येतो की.”

“येतो. पर ह्यो डबा कमी केला तरी जमिनीतनं बोलतो.” त्यांनी वूफरवर तळवा ठेवला आणि मला चप्पल काढून फरशीवर पाय टेकायला सांगितलं. मी चप्पल काढली नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “आक्काला सोसायचं न्हाय, सर. भूकंपाचं माणूस हाय.”

“भूकंपाला तीस वर्षं झाली, मामा.”

“तुमच्या वहीत झाली आसतील.”

दुकानदार हसला. सुनंदाही हसली. मला ते लागलं. मी वही मिटली आणि मामांकडं न बघता दुकानदाराला विचारलं, “हा बार खपवायचे यांना किती मिळतात?”

हेच ते वाक्य. सहा शब्द.

दुकानदाराचं हसू गेलं. “सर, काय बोलताय? मामा आले की गिऱ्हाईक सस्त्यात सुटतं. ते येऊ नयेत म्हणून मीच त्यांना पैसे द्यायला पाहिजेत.”

किसनमामा स्टुलावरून उठले. मला वाटलं आता निघून जातील. त्यांनी बारची वायर गुंडाळली, तो खोक्यात नीट बसवला आणि म्हणाले, “इचारलं ते बरं केलं, सर. पोटात ठिवून नेलं आसतं तर वाटभर बोचलं आसतं.”

मी सहाशे वॅटचा संच घेतला. मागं फिरायची सोय मी स्वतःच ठेवली नव्हती. मामांनी खोकी जीपमध्ये चढवायला हात लावला, दोर आवळला, “वूफर आडवा ठिवू नका” एवढं ड्रायव्हरला सांगितलं आणि मोपेड सुरू केली. माझ्याशी बोलले नाहीत असंही नाही. “येतो, सर,” म्हणाले.

परतीच्या रस्त्यावर अर्ध्या तासानं सुनंदा माझ्याकडं वळली. मग म्हणाली, “दुकानात माझा भाऊ सोबत असता, तर त्याच्याबद्दल विचारलं असतं का असं?”

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मेव्हण्याबद्दल विचारलं नसतं. आमच्या भावकीतल्या कुणाबद्दलच विचारलं नसतं. सोनकांबळे आडनावाच्या माणसाबद्दल विचारताना माझी जीभ अडखळली नाही. आपण तसे नाही, अशी माझी पन्नास वर्षं समजूत होती.

दुपारी चारपर्यंत संच जोडून झाला. प्लग आईच्या पलंगामागं होता, म्हणून वूफर पलंगाशेजारी ठेवला. आई पलंगावर बसून डाळ निवडत होती. मी फोनवरून घोड्यांच्या टापांचं एक दृश्य लावलं; दुकानदारानं सांगितलं होतं की त्यात फरक कळतो. आवाज मी पंचवीसवरच ठेवला होता. टापा आधी मागून आल्या, मग खालून. फरशी थरथरली. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या ताटल्या किणकिणल्या.

आईच्या मांडीवरचं सूप उडालं. बहात्तर वर्षांची, गुडघे धरून उठणारी बाई, तिनं सुनंदाचा दंड धरला आणि तिला ओढत अंगणात नेलं. तिला तिथं सोडून परत दाराशी आली.

“मंगल! मंगल आत हाय! आरं, मंगल आत ऱ्हायली!”

मी रिमोट हातात धरून उभा होतो आणि मला बंद करायचं बटण सापडत नव्हतं. शेवटी सुनंदानं येऊन प्लग उपटला.

आई अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसली. तिला दरदरून घाम आला होता. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, “आई, ते मशीन होतं.”

“कळलं मला मागनं,” ती म्हणाली. रागावली नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “तुला काय ठावं बाबा. तू नव्हतास.”

त्या दिवसापासून तिनं अंथरूण ओसरीत घातलं. मी वूफर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवला, तरी ती आत येईना. काही घ्यायला आलीच, तर उंबऱ्याशी वाकून फरशीला तळवा लावायची, थोडं थांबायची, मग पाय टाकायची. टीव्ही बंदच होता. असे बारा दिवस गेले. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती तिनं घेतली नाही. “झोपल्यावर कसं कळंल?” म्हणाली.

शुक्रवारी, वीस तारखेला, मी रजा टाकून मुरुमला गेलो. खरं तर तिसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. नऊ दिवस मी फक्त लाजेपायी घालवले आणि ते आईनं ओसरीत काढले.

मामा घरापुढं बसून एका माइकच्या तुटलेल्या तारेला सोल्डरिंगचा डाग देत होते. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. मी घडलेलं सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवून ऐकलं.

“आक्का जेवत्यात का?”

“जेवते. ओसरीतच.”

“मग उद्या येतो.”

“मामा, त्या दिवशी दुकानात मी...”

“उद्या येतो म्हणलं की, सर.” आणि पुन्हा माइककडं वळले.

दुसऱ्या दिवशी ते दहाला आले. घरात गेलेच नाहीत. अंगणात आईशेजारी अर्धा तास बसून पावसाचं, सोयाबीनचं, तिच्या गुडघ्यांचं बोलले. मग मला वूफर शेडमधून अंगणात आणायला लावला, लांब वायर जोडली आणि डबा उघड्या मातीवर ठेवला. पुढची जाळी काढली. आत काळा गोल कागद दिसला.

“आक्का, हात लावा.”

“नगं.”

“बरं, म्या लावतो. तुमी बगा.” त्यांनी अगदी बारीक आवाज सुरू केला. कागद धडधडला. “कोंबडीच्या पिलागत हाय. धरा.”

आईनं दोनदा हात मागं घेतला. तिसऱ्यांदा ठेवला.

“आता पाय भुईवर दाबून धरा. भुई हालती का?”

आईनं बराच वेळ पाय दाबून धरला. “न्हाय.”

“कागूद हालतोय. भुई गप हाय. आता ह्यो प्लग तुमीच उपटा.”

तिनं उपटला. आवाज थांबला. त्यांनी परत लावायला लावला, परत उपटायला लावला. सात वेळा. सातव्यांदा आईनं न सांगता उपटला आणि म्हणाली, “बास की आता. लेकरू हाय का म्या?”

“व्हय, बास,” मामा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, “ह्यो डबा परत शेडात. घरात न्यायचा न्हाय. ह्येंना दावायसाठी आणाय लावला, ठिवायसाठी न्हाय.”

आई त्यांच्या मागोमाग घरात आली. उंबऱ्याशी वाकली, पण थांबली नाही. मामांनी मागचे दोन स्पीकर सोडवले, नुसता बार आईच्या कानाच्या उंचीला एका स्टुलावर ठेवला, समोरच्या भिंतीवर वाकळ टांगायला लावली आणि रिमोट घेऊन खालचे सूर शेवटपर्यंत दाबले. बोलणं वर काढायचं बटण या बारमध्येही होतं. मला ते माहीत नव्हतं; माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मग त्यांनी आईची नेहमीची मालिका लावली. आई पुढं वाकून ऐकत होती. पाच-सात मिनिटांनी एकदम म्हणाली, “आगं बया! ही थोरली सून खोटं बोलतीय की! आन म्या सहा म्हयनं हिलाच गरीब समजत व्हते!”

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. हसून झाल्यावर त्यांनी रिमोटच्या त्या बटणांवर चिकटपट्टी लावली.

आईनं त्यांना धपाटे आणि दही वाढलं. ते पलंगाशेजारी बसून, तिच्याशी बोलत जेवले. तिसरा धपाटा त्यांनी मागून घेतला.

निघताना मी विचारलं, “मामा, किती झाले?”

मला वाटलं होतं ते हात झटकतील. पहिल्या खेपेला त्यांनी पेट्रोलचेसुद्धा घेतले नव्हते. ओळखीत पैसे घेत नसतो, म्हणाले होते. या वेळी त्यांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं, जुनं, लाऊडस्पीकरच्या धंद्याचं, कडा पिवळ्या पडलेलं. कार्बन सरळ केला. माझं पूर्ण नाव विचारून घेतलं, तारीख टाकली, कामाचा तपशील लिहिला, सही केली आणि पान फाडून माझ्या हातात दिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या नव्या गिऱ्हाइकाशी वागावं, तसं नीट आणि सभ्यपणे ते वागले.

आई दारापर्यंत गेली. “परत कवा याल?” तिनं हळूच विचारलं.

“तुमी बोलवाल तवा, आक्का,” ते तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले आणि ते तिला ऐकू गेलं. मोपेड त्यांनी फाटकाबाहेर ढकलत नेली, कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथं जाऊन सुरू केली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मला आठ दिवसांनी, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

संचाचे एकवीस हजार चारशे नव्वद रुपये दुकानदाराला दिले. तपासणी व जोडणीचे पाचशे रुपये, रोख, २१ ऑक्टोबर रोजी, किसन सोनकांबळे, मुरुम, यांना दिले. पावती त्यांनी दिली. मी मागितली नव्हती.